बाळबोध : धार-देवासच्या मराठी घरांतील सहवाचनाची परंपरा

ग्रंथालयाच्या शताब्दीच्या निमित्ताने त्याच्या इतिहासाचा आढावा घेतला जातो, तेव्हा ग्रंथसंख्या, सभासदांची वाढ, इमारतीचा निधी, अध्यक्ष-कार्यवाहांची नामावली या गोष्टींची नोंद आवर्जून होते आणि ती तशी व्हावयासही हवी. एका गोष्टीची नोंद मात्र कोणत्याच दप्तरात सापडत नाही. ग्रंथालयाच्या पायऱ्या प्रथमच चढणाऱ्या मुलाला पुस्तकाची गोडी त्यापूर्वी कोठे लागली, कोणाच्या मांडीवर बसून त्याने पहिले पान पाहिले, पहिली गोष्ट कोणाच्या आवाजात ऐकली, हे कोणी लिहून ठेवीत नाही. ग्रंथालयाचा खरा पाया तेथे असतो. महाराष्ट्रात हा विषय घरगुती कौतुकाचा ठरतो. परंतु धार, देवास यांसारख्या ठिकाणी, जेथे मराठी ही शाळेची भाषा राहिलेली नाही, तेथे लहान मुलांना जवळ घेऊन मराठी पुस्तक वाचणे ही गोष्ट भाषेच्या जीवन-मरणाशी निगडित आहे. म्हणून या परंपरेचा मागोवा घेणे अगत्याचे ठरते.

मराठी भाषा माळव्यात आली ती अठराव्या शतकात, पेशव्यांच्या उत्तरेकडील मोहिमांबरोबर. उदाजी आणि आनंदराव पवार यांच्या पराक्रमाने धार येथे पवारांची सत्ता स्थिर झाली. तुकोजी आणि जिवाजी या पवार बंधूंच्या वाट्याला १७२८ च्या सुमारास देवास आले. पुढे देवासची थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन संस्थाने एकाच गावात नांदू लागली. एकाच वस्तीत दोन दरबार, दोन कारभार, असा तो विलक्षण संसार होता. सरदार-शिलेदारांमागोमाग कारकून, पुरोहित, कीर्तनकार, वैद्य आणि त्यांची कुटुंबे आली. बैलगाड्यांतून भांडीकुंडी आली तशा लाल रुमालात बांधलेल्या पोथ्याही आल्या. बाजारात माळवी, दरबारात मोडी लिपीतील मराठी आणि माजघरात घरोघरची मराठी असा भाषांचा त्रिवेणी व्यवहार येथे रूढ झाला.

धारच्या भूमीला मुळाक्षरांचे वेड त्याहूनही जुने आहे. परमारकालीन माळव्यात वर्णमाला आणि व्याकरणाचे प्रत्यय सापाच्या वेटोळ्यात गुंफून दगडावर कोरण्याची प्रथा होती. असे सर्पबंध उज्जैन व ऊन येथे आढळतात, तसेच ते धारच्या भोजशाला-कमाल मौला परिसरातील खांबांवरही आहेत. धार संस्थानचे शिक्षणाधिकारी काशिनाथ कृष्ण लेले यांनी १९०३ मध्ये तेथील कोरीव शिलांकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले आणि मदनकवीच्या 'पारिजातमंजरी' या नाटिकेचा शिलालेख विद्वज्जगतापुढे आला. त्या वास्तूविषयीचे वाद बाजूस ठेवले तरी एवढे निश्चित, की अक्षर हे नुसते शिकविण्याचे नव्हे, तर डोळ्यांना रिझविण्याचेही आहे, ही जाण या गावाला जुनी आहे. नागाच्या वेटोळ्यात अडकलेला 'क' आणि 'ख' पाहून ज्याचे कुतूहल जागे होणार नाही, असे बालक विरळाच!

मराठी घरांतील वाचनाची जुनी रीत मात्र डोळ्यांपेक्षा कानांवर अधिक अवलंबून होती. चातुर्मासात, अधिक महिन्यात संध्याकाळी दिवेलागणीनंतर पोथी निघे. श्रीधरस्वामींचे 'हरिविजय' (१७०२), 'रामविजय' (१७०३) आणि 'पांडवप्रताप' (१७१२) हे ग्रंथ मराठी घराघरांत पोहोचले ते अशाच प्रकट वाचनातून. एकाने वाचावे आणि साऱ्या घराने ऐकावे, हा त्याचा परिपाठ होता. श्रोत्यांत मुलांसाठी निराळी पंगत नसे. शुभंकरोती आणि परवचा आटोपून ती आजीच्या कुशीत शिरत आणि अर्धवट झोपेत पूतनावध किंवा सीताशोध ऐकत. सगळ्याच शब्दांचा अर्थ त्यांना कळत असे, असे नाही. तरीही ओवीचा झोल, वाक्याचा चढउतार, कथेत आता काहीतरी होणार याची चाहूल या गोष्टी अक्षरओळख होण्यापूर्वीच त्यांच्या अंगी मुरत. कारभाराची लिपी मोडी आणि पोथीची लिपी देवनागरी. या देवनागरीला मराठीत 'बाळबोध' असे नाव रूढ झाले, हे लक्षणीय आहे. बाळाला बोध व्हावा अशी ती लिपी.

या रीतीचा दुसरा पदर अधिक हृद्य आहे. त्या काळी बहुसंख्य स्त्रियांना अक्षरओळख नव्हती. आजीला अनेक कथा मुखोद्गत असत, पण पोथी वाचता येत नसे. मग सात-आठ वर्षांचा नातू नुकता बाळबोध वाचू लागला, की पोथी वाचून दाखविण्याचे काम त्याच्याकडे येई. तो अडखळे, पदच्छेद चुकवी, आणि जिला एकही अक्षर येत नाही ती आजी त्याला स्मरणाच्या बळावर दुरुस्त करी. एकाजवळ अक्षरे, दुसरीजवळ कथा. दोघांच्या बेरजेने पोथी पुरी होई. सहवाचन म्हणजे मोठ्याने लहानास वाचून दाखविणे एवढेच नव्हे, याचे याहून बोलके उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

मुलांसाठी म्हणून छापलेले मराठी पुस्तक प्रथम निघाले ते महाराष्ट्राबाहेर, ही गोष्ट बृहन्महाराष्ट्रातील वाचकांना अभिमानास्पद वाटावी अशी आहे. तंजावरच्या सरफोजीराजांच्या छापखान्यात १८०६ मध्ये सख्खन पंडितांनी केलेला इसापकथांचा मराठी अनुवाद 'बालबोध मुक्तावली' या नावाने छापला गेला. मुंबईत सदाशिव काशिनाथ उर्फ बापू छत्रे यांचे 'बाळमित्र' आणि 'इसापनीतिकथा' १८२८ मध्ये प्रसिद्ध झाले. १८८१ मध्ये विनायक कोंडदेव ओक यांनी 'बालबोध' मासिक सुरू केले आणि १९१४ मध्ये मृत्यू येईपर्यंत, जवळजवळ एकहाती, ते चालविले. १९०६ मध्ये वासुदेव गोविंद आपटे यांचे 'आनंद' मासिक निघाले. मुलांना उपदेशाच्या कडू काढ्याऐवजी गोडी लावणारे वाचन द्यावे, ही दृष्टी आपट्यांनी मराठीत रुजविली.

माळव्यातील मराठी कुटुंबांपर्यंत हे वाङ्मय पोहोचण्यास टपालाचाच आधार होता. संस्थानी काळात धारला रेल्वे नव्हती. महूच्या स्थानकापासून पुढची वाट सडकेने तुडवावी लागे. पुण्या-मुंबईहून निघालेला अंक येथील वाड्यात पोहोचेपर्यंत त्याच्या वाटेकडे अनेक डोळे लागलेले असत. अंक एक आणि वाचणारी मुले अनेक. तेव्हा एकाने मोठ्याने वाचणे आणि इतरांनी त्याच्याभोवती कोंडाळे करणे, हाच सोयीचा मार्ग होता. दुर्मिळतेनेही सहवाचनाला हातभार लावला तो असा. पुढे पुस्तके स्वस्त झाली, प्रत्येकाच्या हाती आपापली प्रत आली आणि हे कोंडाळे पांगत गेले.

देवासच्या वाङ्मयीन इतिहासात बालकांचे स्मरण आणखी एका कारणाने होते. कविवर्य भास्कर रामचंद्र तांबे यांचे काही शिक्षण देवास येथे झाले आणि पुढे देवासच्या राजपुत्राचे शिक्षक म्हणूनही त्यांनी काम केले. गेयता हा ज्यांच्या कवितेचा प्राण, ज्यांनी निजलेल्या तान्ह्याकडे टक लावून पाहणारी आई मराठी कवितेत अजरामर केली, त्या कवीचे या गावाशी असे नाते असावे, हा सुंदर योग म्हटला पाहिजे. तांब्यांची कविता डोळ्यांनी वाचून पुरी होत नाही. ती मोठ्याने म्हणावी लागते. १९४८ मध्ये आजारपणामुळे देवासला आलेले आणि १९९२ पर्यंत तेथेच राहिलेले पंडित कुमार गंधर्व यांनी तांब्यांच्या गीतांचा स्वतंत्र कार्यक्रम सादर केला, तेव्हा हा धागा पुन्हा जुळून आला. आजारपणात अंथरुणावर पडून ज्यांनी माळवी लोकगीते कानांत साठविली, त्या गायकाला ऐकण्याचे मोल कोणी सांगावयास नको होते.

देवासच्या थोरल्या पातीचे तुकोजीराव पवार यांच्या पदरी १९२१ मध्ये इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांनी खासगी सचिव म्हणून काम केले. त्या आठवणी त्यांनी १९५३ च्या 'द हिल ऑफ देवी' या पुस्तकात नोंदविल्या आहेत. गोकुळाष्टमीच्या दीर्घ उत्सवाचे त्यातील वर्णन प्रसिद्धच आहे. परक्या डोळ्यांना त्या उत्सवात गोंधळ दिसला तरी त्यातील भजनांच्या ओघाची नोंद त्यांनी केली. अशा उत्सवांतून मराठी मुलांना आपली भाषा पुस्तकाविना, गळ्यातून गळ्यात मिळत होती. दरबार, देऊळ आणि घर या तीनही ठिकाणी मराठी कानावर पडत असल्याने मूल ती शिकेल की नाही, ही चिंता कोणाच्या मनास शिवतही नव्हती.

ग्रंथालयाने मुलांकडे स्वतंत्रपणे पाहावे, हा विचारही एका मराठी राजाच्या राज्यात आधी रुजला. सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये अमेरिकेतून विल्यम बॉर्डन यांना पाचारण करून बडोद्यात ग्रंथालयांचे जाळे विणले. तेथील मध्यवर्ती ग्रंथालयात मुलांचा निराळा विभाग होता. चित्रे, खेळ आणि गोष्टी यांच्या आधारे मुलांना पुस्तकांकडे वळविणारा असा विभाग त्या काळी नवलाचाच होता. गुजरातेतच भावनगरला गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये बालमंदिर सुरू केले आणि गोष्ट हे शिक्षणाचे प्रमुख साधन मानले. ताराबाई मोडक त्यांना येऊन मिळाल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली आणि मराठी बालशिक्षणाला नवी दिशा मिळाली. 'दिवास्वप्न' या गिजुभाईंच्या प्रसिद्ध पुस्तकातील शिक्षक वर्गात शिरतो तो गोष्ट घेऊन. आधी गोष्ट, मग पुस्तक, मग अभ्यास, असा त्याचा क्रम आहे.

या विचाराला माळव्याची वाट मिळाली ती धारच्या परिसराशी नाते असलेल्या एका कार्यकर्त्यामुळे. गिजुभाईंचे वाङ्मय हिंदीत आणणारे काशिनाथ त्रिवेदी हे ते कार्यकर्ते. गांधीजींच्या आत्मकथेचा हिंदी अनुवादही त्यांचाच. धार जिल्ह्यातील टवलाई येथील ग्रामभारती आश्रम हे त्यांच्या कार्याचे एक केंद्र होते. इकडे इंदुरात शालिनीताई मोघे यांनी १९४७ मध्ये बाल निकेतन संघ स्थापून बालशिक्षणाचे दीर्घ कार्य केले. १९६८ मध्ये त्या पद्मश्रीने सन्मानित झाल्या. धार-देवासच्या पंचक्रोशीत बालकांविषयीच्या नव्या विचाराची उणीव नव्हती. तो विचार पुढे प्रामुख्याने हिंदीतून प्रवाहित झाला, इतकेच.

१९४८ मध्ये ही संस्थाने मध्य भारतात विलीन झाली आणि १९५६ मध्ये मध्य प्रदेश अस्तित्वात आला. राज्यकारभाराची आणि शाळेची भाषा हिंदी झाली. यात कोणाचा अन्याय नव्हता. बहुजनांची भाषा ती राजभाषा, हा लोकशाहीचा न्यायच आहे. परंतु त्यामुळे मराठी मुलाची स्थिती पालटली. दरबार गेला, मोडी गेली, शाळा गेली. मराठीसाठी उरले ते घर, देऊळ, गणेशोत्सव आणि ग्रंथालय. २०११ च्या जनगणनेत मध्य प्रदेशात मराठी ही मातृभाषा सांगणारे सुमारे १२ लाख लोक होते. त्यांतील किती मुलांना मराठी पुस्तक सहजतेने वाचता येते, हे जनगणना सांगत नाही.

येथे एक गैरसमज दूर करावयास हवा. हिंदी आणि मराठी या दोहोंची लिपी एकच असल्याने हिंदी शाळेत शिकणारे मराठी मूल मराठी पुस्तक आपोआप वाचू लागेल, असे पुष्कळांना वाटते. अनुभव वेगळा आहे. हिंदीच्या वर्णमालेत 'ळ' नाही. माळवी बोलीत तो कानावर पडतो, पण शाळेच्या पुस्तकात दिसत नाही. त्यामुळे 'बाळ', 'फळ', 'शाळा', 'आभाळ' हे बालविश्वातील अगदी पहिले शब्दच मुलाला छापलेले पाहून अनोळखी वाटतात. 'चमचा' आणि 'चार' यांतील 'च' लिहिण्यात एक, उच्चारात दोन. हा भेद पुस्तक दाखवीत नाही, तो आवाजच दाखवितो. त्याहून घोटाळ्याचे ते समान दिसणारे शब्द. हिंदीत 'शिक्षा' म्हणजे शिक्षण, मराठीत दंड. हिंदीत 'खाली' म्हणजे रिकामे, मराठीत तळाशी. हिंदीत 'चेष्टा' म्हणजे प्रयत्न, मराठीत थट्टा. हिंदीत 'संसार' म्हणजे जग, मराठीत प्रपंच. गुरुजींनी मुलाला शिक्षा केली, हे मराठी वाक्य हिंदी शाळेतील मूल एकटे वाचील तर गुरुजींनी त्याला ज्ञान दिले, असे समजून पुढे जाईल! अक्षर ओळखता येते म्हणून अर्थही कळतो, असा भ्रम या एका लिपीने निर्माण केला आहे. त्या भ्रमावर उपाय एकच : मराठी जाणणाऱ्या माणसाने मुलाशेजारी बसणे.

स्वातंत्र्योत्तर काळात वाचनसामग्रीची वाण नव्हती. साने गुरुजींची १९३५ मध्ये प्रसिद्ध झालेली 'श्यामची आई' घरोघर पोहोचली होती. तिची प्रकरणे म्हणजे एकेक 'रात्र' आहे. रोज रात्री सोबत्यांना सांगितलेल्या त्या आठवणी आहेत. म्हणजे त्या पुस्तकाचा घाटच मुळी एकत्र ऐकण्याचा आहे. 'चांदोबा' मासिकाने चित्रांची मोहिनी घातली. १९७१ पासून 'किशोर' आले. फास्टर फेणेचे जनक भा. रा. भागवत यांचा जन्म १९१० मध्ये इंदूरचा, ही गोष्ट माळव्यातील बालवाचकांना सांगण्याजोगी आहे. अलीकडच्या काळात माधुरी पुरंदरे यांची चित्रपुस्तके आणि त्यांनी संपादिलेली 'वाचू आनंदे' ही मालिका मुलांसमवेत बसून वाचण्यासाठी फार उपयुक्त ठरली. २०१४ मध्ये साहित्य अकादमीच्या बालसाहित्य पुरस्काराने त्यांचा गौरव झाला. हिंदीतही काही कमी नाही. एकलव्य संस्थेने १९८५ मध्ये 'चकमक' हे बालमासिक सुरू केले आणि या संस्थेचे एक केंद्र देवासलाही होते. नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालय मालेत एकच चित्र आणि एकच गोष्ट मराठी-हिंदी अशा दोन्ही भाषांत मिळते. दोन प्रती शेजारी ठेवून वाचल्या तर 'खाली'चा घोटाळा मुलाच्या सहज ध्यानी येतो आणि हसता हसता दोन्ही भाषा पक्क्या होतात. हिंदी ही मराठीची वैरीण नसून शेजारीण आहे, हे मुलांना शिकविण्याचा याहून चांगला मार्ग नाही.

पाश्चात्त्य देशांत या विषयाचा शास्त्रशुद्ध अभ्यास झाला आहे. अमेरिकेतील वाचनविषयक आयोगाच्या १९८५ च्या अहवालाने मुलांना मोठ्याने वाचून दाखविणे ही वाचनसिद्धीची पायाभूत गोष्ट मानली. १९८८ मध्ये ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे दाखविले, की वाचताना मधे थांबून मुलाला प्रश्न विचारले, त्याच्या उत्तराला जोड दिली, तर दोन-तीन वर्षांच्या मुलांचे बोलणे अल्पावधीत अधिक समृद्ध होते. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅम येथे १९९२ मध्ये तान्ह्या मुलांच्या घरी पुस्तके पोहोचविणारी 'बुकस्टार्ट' योजना सुरू झाली. हे सारे स्वागतार्ह आहे. तथापि पोथी वाचताना मधेच थांबून 'मग पुढे कृष्णाने काय केले असेल?' असे विचारणाऱ्या आजीला ही पद्धत ठाऊकच होती. तिला त्याचे शास्त्र माहीत नव्हते, एवढेच.

जुन्या परंपरेचे गोडवे गाताना तिच्या उणिवांकडे डोळेझाक करणेही योग्य नव्हे. पोथीसमोर मुलींना बसता येत असे, पण वाचण्याची संधी पुष्कळदा मुलालाच मिळे. मोठ्यांचा हट्ट शुद्धतेचा असे. प्रत्येक उच्चाराला टोकणारा आजोबा मुलाला भाषेपासून दूर लोटतो, याचे भान थोड्यांनाच होते. आजही हीच चूक नव्या स्वरूपात होते. माळव्यात वाढलेले मूल 'मी जाऊन राहिलो आहे' असे म्हणते, तेव्हा घरातले हसतात, पाहुणे हसतात, आणि ते मूल मराठी बोलणेच टाकते. ज्या भाषेत आपले हसे होते त्या भाषेत कोण वाचील? ग्रंथालयांचाही यात काही दोष आहे. कपाटांना कुलपे, बालविभागात फाटकी पुस्तके, आणि 'शांतता राखा' ही पाटी. लहान मुलांसाठी शांतता हा वाचनाचा नियम असूच शकत नाही. त्यांचे वाचन आवाजातूनच होते.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आनंदाचीच ही वार्ता. परंतु अभिजात दर्जा ताम्रपटांच्या आणि ग्रंथांच्या बळावर मिळतो, भाषेचे उद्याचे आयुष्य मात्र चार वर्षांच्या मुलाच्या ओठांवर ठरते. शताब्दी साजरी करणाऱ्या ग्रंथालयाने दुसऱ्या शतकात पाऊल टाकताना याचा विचार करावा. त्यासाठी मोठ्या निधीची गरज नाही. आठवड्यातून एक संध्याकाळ, एक सतरंजी, मुलांच्या हाती लागतील अशी दहा-वीस पुस्तके आणि मोठ्याने वाचणारा एक सभासद एवढे पुरे आहे. मूल 'ळ' ला अडखळले तर टोकू नये. तोच शब्द आपल्या आवाजात पुन्हा येऊ द्यावा. आणि ज्या मुलाला मराठी वाचता येत नाही, पण हिंदी गोष्ट वाचता येते, त्याने ती आजोबांना वाचून दाखवावी. आजोबांनी तीच मराठीत सांगावी.

पूर्वी नातवाजवळ अक्षरे होती आणि आजीजवळ कथा. आज आजीजवळ दोन्ही आहेत. नातवाजवळ अक्षरे आहेत, पण ती दुसऱ्या भाषेत शिकलेली. देणेघेण्याचा व्यवहार तोच आहे, फक्त पारडी बदलली आहेत. तो व्यवहार चालू राहिला तरच या ग्रंथालयातील कपाटांना उद्या वाचक लाभतील. मग ग्रंथालयाच्या द्विशताब्दीच्या स्मरणिकेत मराठी लेख लिहिणारा आणि वाचणारा कोणीतरी धार-देवासच्याच एखाद्या घरात, आज कोणाच्या तरी मांडीवर बसून पहिले पान उलटीत असेल.